फॅन्टास्टिकस पालींसाठी झाडांची टाकी केलीये, पण सगळं सतत ओलंच राहतंय. काय चुकतंय?

ओली_पानं

नमस्कार मंडळी. वर्षभर लीफ-टेल्ड गेकोंबद्दल (पानासारख्या शेपटीच्या पालींबद्दल) वाचतेय, त्यातही ती छोटी वाळक्या पानासारखी दिसणारी युरोप्लॅटस फॅन्टास्टिकस डोक्यातून जातच नाही, आणि शेवटी धीर करून टाकी उभी केली. पाली अजून आणलेल्या नाहीत हे आधीच सांगते म्हणजे ओरडा बसणार नाही.

टाकी काचेची, 45×45×60 सेंमी, उभी. तळाला भाजक्या मातीच्या गोळ्यांचा 5 सेंमी थर, त्यावर जाळी, त्यावर कोकोपीट, झाडाची साल, कोळसा आणि थोडं स्फॅग्नम शेवाळ मिसळून केलेली माती, आणि सगळ्यात वर दोन मुठी पालापाचोळा. मागच्या भिंतीला कॉर्कची साल लावलीये. झाडं म्हणजे पोथोस, फायकस प्युमिला, एक ड्रॅसीना, दोन ब्रोमेलियाड, एक बर्ड्स नेस्ट फर्न आणि जमिनीवर मॉस. वर एलईडी. फॉगर (धुकं सोडणारं यंत्र) आहे तो दिवसरात्र अधूनमधून चालूच असतो, आणि वरच्या जाळीचा पाऊण भाग काचेने झाकलाय कारण नाहीतर आर्द्रता पडते.

आता तीन आठवडे झालेत. आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर 95 टक्क्यांच्या खाली येत नाही, मी खूश होते. पण काच कायम धुक्याने भरलेली असते, आत काही दिसतच नाही, कॉर्कवर पांढरी बुरशी आलीये, एक ब्रोमेलियाड बुडातून काळा पडून हातात आला आणि मॉस पिवळा पडतोय. पावसाळी जंगलातला प्राणी, म्हणजे भरपूर ओलावा हवाच असं मी धरून चालले होते. पण आता मनात शंकेची पाल चुकचुकायला लागलीये, खरी पाल यायच्या आधीच ही हजर.

दिवसा टाकीत 26 डिग्री असतं. एक नर एक मादी ठेवायचा विचार आहे. काय बदलू?

काडीकचरा

आधी ते काचेचं झाकण काढा. बाकीचं नंतर बोलू.

निशाचर22

वरचं उत्तर तुटक आहे पण बरोबर आहे. मी जरा सविस्तर लिहितो कारण हीच चूक मी केली होती आणि माझ्या टाकीत तेव्हा प्राणी होता.

पावसाळी जंगल म्हणजे कायम भिजलेलं जंगल असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. या पाली जिथल्या, त्या मादागास्करच्या पूर्वेकडच्या जंगलात पाऊस भरपूर पडतो हे खरंच, पण तिथे हवा हलत असते, पानं भिजतात, निथळतात, वाळतात आणि रात्री परत ओली होतात. ही पाल ज्या फांदीवर दिवसभर पान बनून लटकते ती फांदी दुपारी कोरडी असते. आपण काचेच्या पेटीत ओलावा तेवढा आणतो, वारा आणायचा विसरतो. ओली आणि थांबलेली हवा म्हणजे बुरशी, कातडीवर फोड, श्वासाचे त्रास. माझ्या सिकोरेला (ही याच गटातली दुसरी पाल) पोटाच्या बाजूला आधी तपकिरी ठिपके आले, मला वाटलं रंग बदलतेय (त्या बदलतातच रंग, त्यामुळे कळत नाही पटकन), आणि प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेईपर्यंत उशीर झाला होता. फॉगर मी दिवसाला दहा तास चालवायचो. त्या दिवसानंतर तो माळ्यावर आहे.

तेव्हा आकडा किती यापेक्षा आकडा हलतोय का ते बघा. संध्याकाळी दिवे जाताना जोरात फवारा, इतका की पानांवरून थेंब ओघळले पाहिजेत, कारण या पाली वाटीतलं पाणी सहसा पीत नाहीत, थेंब चाटतात, स्वतःच्या डोळ्यावरचा थेंबसुद्धा. रात्री 90 ते 100 जाऊ दे. मग पहाटे एक छोटा फवारा, आणि त्यानंतर दुपारपर्यंत 60-70 वर उतरू दे. पानांचा वरचा भाग आणि काच हाताला कोरडी लागली पाहिजे, माती आतून ओलसर. असं रोज झालं की अर्धे प्रश्न संपतात. तुमच्याकडे खाली समोर हवेची पट्टी आहे का? असेल तर ती मोकळी ठेवा आणि वरची जाळी पूर्ण उघडी, म्हणजे खालून हवा येऊन वरून जाते. एवढं करूनही काच दुपारी ओली राहिली तर वर एक छोटा कॉम्प्युटरचा पंखा टायमरवर लावा, आतली हवा बाहेर ओढेल असा. पालीच्या अंगावर झोत नको.

आता तापमान, जे मला तुमच्या पोस्टमध्ये जास्त खटकलं. 26 फॅन्टास्टिकससाठी काठावर आहे. दिवसा 20 ते 24, रात्री 16 ते 20, हे त्यांचं सुखाचं. 27-28 वर थोडे तास गेले तर तोंड उघडून बसतात, दिवसभर गेला तर प्राणी जातो. बाकीच्या गेकोंना खालून हीटर लावायची सवय असलेले लोक इथेच फसतात. तुमचं 26 कुठे मोजलंय, वर दिव्याखाली की मध्ये? आणि तुमच्या खोलीचं वर्षातल्या सगळ्यात गरम आठवड्यात किती असतं? ते उत्तर मिळेपर्यंत पाल आणू नका, मनापासून सांगतोय. टाकी गार करणं फार अवघड असतं, खोली गार करणं सोपं.

मॉसवाला

झाडांबद्दल मी बोलतो, पालींचं वरच्या दादांना जास्त कळतं.

ब्रोमेलियाड बुडातून काळा पडला म्हणजे तो मातीत लावला होता ना? बहुतेक ब्रोमेलियाड झाडावर राहणारे, मुळं फक्त धरून ठेवायला. ते कॉर्कवर बांधा, मुळांशी मॉसची एक चिमूट, बस. तसे ते अमेरिकेकडचे, मादागास्करचे नव्हेत, पण पालीला पासपोर्ट बघायची सवय नाही. तिकडचंच हवं असेल तर अँग्रेकम ऑर्किड आहेत, पण त्यांनाही मुळांना वारा लागतो, तुमच्या आत्ताच्या टाकीत महिनाभरात कुजतील.

फायकस प्युमिला सुरुवातीला रुसतो आणि मग एकदम अंगात आल्यासारखा सुटतो, सगळी भिंत घेतो आणि मग फर्नच्या डोक्यावर चढतो. दर महिन्याला कात्री लागेल. पोथोस चांगलाच, मोठी पानं, थेंब धरून ठेवतात. फॅन्टास्टिकससाठी मात्र मला तुमच्या यादीत एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे बारीक काड्या. झाडं आहेत, साल आहे, पण पेन्सिलपेक्षा बारीक, वेड्यावाकड्या, आडव्यातिडव्या काड्यांचं जाळं नाहीये. ही पाल खोडावर चिकटून बसणारी नाही, ती झुडपातली आहे, काडीला लटकते आणि पान होते. सिकोरे असती तर उलट सांगितलं असतं, तिला मनगटाएवढं उभं खोड लागतं, ती डोकं खाली करून सालीला चिकटते आणि अंगाच्या कडेची झालर पसरते, मग सावलीसुद्धा पडत नाही.

आणि पालापाचोळा दोन मुठी? अहो पालीसाठी पालापाचोळा म्हणजे अंथरूण, पांघरूण, बाळंतपणाची खोली सगळंच. निदान चार-पाच सेंमी थर द्या. कीटकनाशक न मारलेल्या झाडाची, पूर्ण वाळलेली पानं, उकळून किंवा ओव्हनमध्ये गरम करून.

नर्सरीतून आणलेली झाडं तशीच लावलीत का? त्यांच्या मातीत खताचे छोटे गोळे असतात आणि पानांवर काय मारलंय देव जाणे. मुळं पूर्ण धुवून, जुनी माती टाकून, दोन-तीन आठवडे वेगळी ठेवून मग लावायची. आता लावलीच आहेत तर निदान पाल येईपर्यंत बराच वेळ जाऊ द्या.

मॉस पिवळा पडतोय तो बहुतेक पाण्यामुळे. नळाचं जड पाणी मारत असाल तर काचेवर पांढरे डाग पण येत असतील. आरओचं वापरा.

हिरवा_अंधार

मला एवढं पटत नाही. माझ्याकडे आठ महिने झाले 90 च्या वरच असतं कायम, पाली मस्त आहेत, खातात पितात. सगळे उगाच घाबरवतात नवीन माणसाला.

निशाचर22

@हिरवा_अंधार तुमची टाकी जाळीची आहे की काचेची? आणि पंखा आहे का?

हिरवा_अंधार

दोन बाजू जाळीच्या आहेत. पंखा नाही.

निशाचर22

मग तुमच्याकडे वारा आहेच राव, म्हणून चालतंय. 90 हा आकडा दोघांचा सारखा पण तुमची पानं वाळतात आणि त्यांची नाही. मी आकड्याच्या विरोधात नाहीये, बंद पेटीच्या विरोधात आहे.

काडीकचरा

बुरशीला घाबरू नका, नवीन टाकीत येतेच. ओलं लाकूड, ओली साल, सुरुवातीला पांढरा कापूस फुटणारच. स्प्रिंगटेल (बुरशी खाणारे इवले किडे) टाकलेत का? नसतील तर एक मोठी वाटी भरून टाका आणि त्यांना महिना द्या. आयसोपॉड (कुजका पाला खाणारे छोटे कवचवाले जीव) टाकायचे असतील तर बुटके पांढरे घ्या, मोठ्या जाती मऊ झाडं आणि अंडी कुरतडू शकतात. मी मोठे टाकले होते, फर्नची नवीन पानं उलगडायच्या आधीच गायब व्हायची, मला तीन महिने वाटत होतं खत कमी पडतंय.

फॉगरबद्दल अजून एक, त्याच्या टाकीतलं पाणी साचून राहतं आणि त्यात जे काही वाढतं ते तो बारीक करून हवेत सोडतो. रोज धुणार असाल तर वापरा. कोणी रोज धुत नाही.

ओली_पानं

बापरे, एवढं सगळं. आभार सगळ्यांचे. झाकण काढलं, फॉगर बंद केला. खालची हवेची पट्टी तर मीच टेपने बंद केली होती (हसू नका, कुठल्यातरी व्हिडिओत बघितलं होतं). दुपारी आता 68 पर्यंत उतरतंय आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा मागची भिंत दिसली.

निशाचरदादा, 26 मी वर दिव्याखालीच मोजत होते. दुसरा थर्मामीटर मध्ये लावला तर 23.5, तळाशी 22. म्हणजे ठीक ना? पण गरम दिवसांत खोली 29 ला जाते हे खरं आहे, त्यावर विचार करावा लागेल.

अजून तीन शंका. यूव्हीबी (अतिनील किरणांचा दिवा) लागतो का, रात्रीची पाल आहे ना ती? टाकीत खायला किडे मोकळे सोडायचे का? आणि अंडी घातली तर मला कळणार कसं त्या एवढ्या पाचोळ्यात?

निशाचर22

मध्ये 23.5 छान आहे. 29 मात्र नाही चालणार. एसीची खोली, किंवा घरातली सगळ्यात थंड, उन्हाची भिंत नसलेली खोली. ते होणारच नसेल तर फॅन्टास्टिकसचा नाद सोडा आणि याच गटातली मोठी हेन्केली बघा, ती थोडी जास्त उष्णता सहन करते, पण मग टाकी निदान 60×60×90 लागेल कारण ती 25 सेंमीच्या वर जाते आणि रात्री उड्या मारते, लहान टाकीत नाक काचेवर आपटून सोलून घेते.

यूव्हीबी वर लोक भांडतात. मी हलका लावतो, 5 टक्क्यांची नळी, जाळीच्या वरून, आणि खाली दाट पानं, म्हणजे ज्याला नको तो सावलीत जाईल. रात्रीचे प्राणी असले तरी दिवसा उघड्यावर झोपतात त्यामुळे थोडा प्रकाश अंगावर पडतोच. लावलात तरी किड्यांना कॅल्शियमची पूड लावणं सुटत नाही, विशेषतः मादीसाठी. अंडी देणाऱ्या मादीचं कॅल्शियम झपाट्याने उतरतं आणि ती एका पाठोपाठ एक जोड्या देत राहते. काही जण लहान गोगलगायी देतात, कवचासकट खातात.

किडे मोकळे सोडू नका असं मी म्हणेन, निदान सुरुवातीला. एवढ्या झाडांत दहा क्रिकेट (रातकिडे) सोडले की सात गायब होतात, पाचोळ्यात मोठे होतात, मॉस खातात आणि झोपलेल्या किंवा अशक्त पालीलाच चावतात. गुळगुळीत कडांचा खोल कप, काड्यांच्या जवळ टांगून, त्यात किडे. सकाळी मोजायचे, किती गेले ते लिहून ठेवायचं. आठवड्यातून एकदा वजन, 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा घ्या, कारण एवढ्याशा पालीचं एक ग्रॅम म्हणजे खूप झालं. डोळ्याला ती बारीक झालेली दिसेल तोवर वेळ गेलेली असते. वजन करताना हातात धरू नका, डबी पुढे करा, तिला चालत येऊ द्या. घाबरली तर तोंड वासून लाल जीभ दाखवते आणि किंचाळते सुद्धा, पहिल्यांदा ऐकलं तर डबी हातातून पडते.

अंड्यांचं, ती पाचोळ्याखाली एका वेळी दोन ठेवते, गोल, कडक कवचाची. संध्याकाळी मादी जमिनीवर उतरून उकरताना दिसली की दुसऱ्या दिवशी चमच्याने हळूच पानं बाजूला करा. मी माझी वेगळ्या डबीत ठेवतो, 20 ते 22 डिग्री, किंचित ओलसर, साधारण अडीच-तीन महिने लागतात. काही लोक टाकीतच सोडतात आणि एक दिवस नखाएवढं पान चालताना दिसतं. पण ते पुढचं आहे, आधी निदान वर्षभर फक्त पाली जगवा.

मॉसवाला

एक विचारायचं राहिलं, पाली कुठून आणणार? जंगलातून पकडलेल्या स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका. पोटात जंत, प्रवासात वाळलेल्या, निम्म्या पहिल्या महिन्यातच मान टाकतात असा माझा अनुभव. शिवाय सगळी युरोप्लॅटस प्रजाती सायटिसच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) परिशिष्ट 2 मध्ये आहे, कागद नसेल तर पाल नको, आणि तुम्ही राहता तिथला कायदा वेगळा बघा. पैदास करणाऱ्याकडून, जन्मतारीख लिहून देणाऱ्याकडूनच.

आणि नावाची पण खात्री करून घ्या. छोट्या जातींमध्ये फार गोंधळ आहे. मादागास्करच्या उत्तरेला माँताञ द'आंब्रमधली जी पाल आता फिनियावाना म्हणून ओळखतात तिला 2011 मध्ये स्वतंत्र नाव मिळालं, त्याआधी ती एबेनावी म्हणून विकली जायची. मोठ्यांमध्ये पण तेच, हेन्केलीसारखी दिसणारी गारामासो 2023 मध्ये वेगळी झाली. दोन वेगळ्या जातींचे नर-मादी एकत्र ठेवून वर्षभर अंड्यांची वाट बघत बसलेले लोक मला माहीत आहेत.

निशाचर22

हो आणि आल्या की लगेच या सुंदर टाकीत नको. आधी साधा डबा, तळाला टिश्यू पेपर, खोटी पानं, दोन काड्या, आणि विष्ठेची तपासणी दोनदा स्वच्छ येईपर्यंत तिथेच. एकदा जंत या मातीत गेले की सगळी माती काढून फेकायची वेळ येते. झाडांसकट. मॉसवाला रडेल.

मॉसवाला

रडेनच.

ओली_पानं

दोन महिन्यांनी परत येतेय, कोणाला आठवत असेल तर. पाली अजूनही नाहीत!

खोली बदलली. टाकी आता आतल्या छोट्या खोलीत आहे, तिथे एसी आहे, आणि रोजचं तापमान लिहितेय. गेल्या आठवड्यात बाहेर मरणाचं गरम होतं तेव्हा टाकीच्या मध्ये सगळ्यात जास्त 24.8 गेलं. दिवा जाळीपासून 10 सेंमी वर उचलला त्यानेच वरचं दीड डिग्री उतरलं, हे मला आधी कोणी का नाही सांगितलं. एलईडीचा ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारा डबा) पण झाकणावर ठेवला होता, तो गरम होतो हे हात लावल्यावर कळलं, आता बाहेर.

बुरशी गेली. खरंच गेली, मी काही न करता. स्प्रिंगटेल आता फवारा मारला की पानांवर उड्या मारताना दिसतात. एक ब्रोमेलियाड मेला तो मेलाच, दुसरा कॉर्कवर बांधलाय आणि त्याला पिल्लू फुटलंय. मॉस आरओच्या पाण्यावर हिरवा होतोय पण कडेने अजून पिवळाच. काड्या आणल्या, उकळल्या, वाळवल्या आणि अशा काही अडकवल्यात की आता माझाच हात आत जात नाही.

पैदास करणाऱ्या एका ताईंशी बोलणं झालंय, त्यांच्याकडे सहा महिन्यांची जोडी आहे, वजनाची वही पण दाखवली त्यांनी. टिश्यू पेपरचा डबा तयार आहे.

एकच प्रश्न उरलाय, आणि तो मूर्खासारखा आहे. ड्रॅसीना दिव्याकडे झुकून पूर्ण तिरकी झालीये, टाकीच्या मधोमध आडवी आलीये, खालची पानं वाळून तपकिरी लटकतायत. एकदम घाण दिसतं. कापून सरळ नवीन लावू का?

काडीकचरा

हात लावू नका तिला. पहिल्याच रात्रीनंतर पाल कुठे झोपलीये ते शोधाल ना, तेव्हा त्या वाळक्या पानांतच बघा आधी.

मॉसवाला

आणि मोजून ठेवा आत्ताच किती पानं लटकतायत ते.